बेअर्डचा टेलिव्हायझर (१९३०): तीस रेषांचा टीव्ही घ्यावा, की बनवावा?

या डब्यात रेडिओ नाही, हे आधी लक्षात घ्या. बेअर्ड कंपनीसाठी प्लेसी या कारखानदाराने १९३० साली बनवलेला टेलिव्हायझर २५ गिनीला, म्हणजे २६ पौंड ५ शिलिंगला मिळायचा, आणि तेवढे मोजूनही नुसत्या डब्यावर काही दिसत नसे. चित्राचा सिग्नल पकडायला एक मीडियम वेव्ह रेडिओ वेगळा, आवाज हवा तर दुसरा. मार्च १९३० अखेरीपासून बीबीसीच्या ब्रुकमन्स पार्क प्रक्षेपण केंद्राहून चित्र ३५६ मीटरवर आणि आवाज २६१ मीटरवर एकाच वेळी येऊ लागले. त्याआधी एकच प्रक्षेपक आळीपाळीने वापरायचे: आधी माणसाचं तोंड हलताना बघा, मग तो काय बोलला ते ऐका. तरीही सुमारे हजार डबे खपले.

बाहेरून पाहिलं तर डावीकडे मोठा गोल फुगवटा आणि उजवीकडे भिंगाची खिडकी. फुगवट्यात २० इंच व्यासाची पातळ अ‍ॅल्युमिनियमची चकती फिरते. तिच्यावर मळसूत्रासारख्या वळणात ३० बारीक भोकं, दर १२ अंशांवर एक. चकतीमागे निऑन दिवा. सिग्नल वाढला की दिवा उजळतो, घटला की मंदावतो, आणि खिडकीसमोरून सरकणारं प्रत्येक भोक उजेडाची एक उभी रेघ ओढून जातं. रेघ खालून वर जाते आणि रेघांची रांग उजवीकडून डावीकडे. मिनिटाला ७५० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला साडेबारा चित्रं. चित्राची उंची-रुंदी ७:३, म्हणजे चकतीवर जेमतेम ५ सेंटिमीटर उंच आणि २ सेंटिमीटर रुंद. भिंगातून मोठं दिसतं, पण नाक भिंगाला लावून बसलेल्या एकालाच, फार तर खांद्याला खांदा लावून दोघांना.

चित्र कसं आहे? नारिंगी आणि थरथरतं. एका माणसाचा चेहरा ओळखू येतो, त्याने डोळे मिचकावले तर कळतं. दोन माणसं उभी राहिली की त्यांची बाहुली होतात. पण याचा दोष डब्याला देऊ नये. ३० रेषा, प्रत्येक रेषेत साधारण ७० ठिपके, सेकंदाला १२.५ चित्रं: दोन ठिपक्यांना एक आवर्तन धरून हिशेब केला तर वरची फ्रिक्वेन्सी १३ किलोहर्ट्झच्या आसपास जाते. मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांत अंतर ९ किलोहर्ट्झचं. म्हणजे प्रक्षेपणाची वाट जेवढी रुंद, तेवढं सगळं चित्र त्यातून आधीच ठासून भरलेलं होतं. रेषा वाढवल्या असत्या तर त्या या वाटेतून आल्याच नसत्या.

कारागिरी बघायची तर चकतीच्याच दांड्यावर बसवलेलं ३० दातांचं लोखंडी चाक बघा. त्याच्या दोन बाजूंना दोन विद्युतचुंबक, आणि त्यांच्या कॉइलमधून जातो तो चित्राचाच सिग्नल. प्रत्येक रेघेच्या टोकाला थोडा काळा तुकडा असतो, म्हणून सिग्नलमध्ये सेकंदाला ३७५ वेळा ठोका पडतो. तो ठोका पडताना दात चुंबकासमोर नसेल तर चुंबक चाकाला किंचित ओढतो किंवा रोखतो. मोटर फक्त चकती फिरवते. वेळ सांभाळतं हे चाक. आज कुणी विचारेल, ५० हर्ट्झवर आठ पोलची सिंक्रोनस मोटर, म्हणजे विजेच्या फ्रिक्वेन्सीच्या तालावर फिरणारी, बरोबर ७५० फेऱ्या देते, ती का नाही लावली? कारण तेव्हा ब्रिटनभर विजेची फ्रिक्वेन्सी एक नव्हती, काही भागांत तर डीसी पुरवठा होता, आणि स्टुडिओची वीज आणि घरची वीज एकाच जाळ्यातली असेल याचा भरवसा नव्हता.

हे चाक हुशार आहे आणि हट्टीही. वेगाची मूठ फिरवत असताना आधी नुसते तिरके पट्टे पळताना दिसतात. चित्र खाली घसरत असेल तर चकती मंद आहे, वर चढत असेल तर जोरात. वेग जुळत आला की पट्टे उभे राहतात, एकदम गचका बसतो आणि चित्र थांबतं. पण कुठे थांबेल ते नशीब, कारण चाकाला तिसातला कुठलाही दात चालतो. मग अर्धा चेहरा डावीकडे, अर्धा उजवीकडे, मधे काळी पट्टी. अशा वेळी वेग किंचित कमी करून चाक एकेक दात घसरू द्यायचं आणि चेहरा जुळला की पुन्हा पकडायचं. डोकं खाली आणि हनुवटी वर असं कापलं असेल तर दुसरी मूठ: ती चुंबकांची चौकटच थोडी फिरवते, बाराएक अंशांच्या आत काम होतं. आणि प्रसंगात मोठा काळा भाग आला, की चाक त्यालाच ठोका समजतं आणि चित्र वर-खाली डुलायला लागतं. चित्र आणि ताल एकाच तारेतून आणण्याची ही किंमत.

रेडिओशी जोडताना होणारी फसगत वेगळीच. आवाजाला उलटा-सुलटा फेज कळत नाही, डोळ्याला लगेच कळतो. रेझिस्टन्स-कपॅसिटर जोडणीचा प्रत्येक व्हॉल्व्ह सिग्नल उलटा करतो, डिटेक्टर, म्हणजे रेडिओलहरीतून सिग्नल वेगळा काढणारा टप्पा, ग्रिड-लीक पद्धतीचा आहे की अ‍ॅनोड-बेंड, यावरही फरक पडतो. त्यामुळे एका घरात चेहरा गोरा आणि केस काळे, तर शेजारच्या घरात फोटोच्या निगेटिव्हसारखं. उपाय: एक टप्पा कमी-जास्त करा, डिटेक्टर बदला, किंवा ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याच्या दुय्यम वेटोळ्याच्या तारा अदलाबदल करा. दिव्यातून कायम थोडा करंट वाहता ठेवावा लागतो. तो कमी पडला तर काळ्या भागात निऑन पूर्ण विझतो, आणि पुन्हा पेटायला जळत राहण्यापेक्षा जास्त व्होल्टेज लागत असल्याने काळ्याच्या कडा फाटलेल्या दिसतात.

यंत्र बघितलं की बनवणाऱ्याचं शिक्षण कळतं. जॉन लोगी बेअर्ड ग्लासगोत इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग शिकला, क्लाइड व्हॅली वीज कंपनीत नोकरी केली, मधे मोजे विकले, त्रिनिदादला जाऊन मुरंब्याचा धंदा करून पाहिला आणि १९२३ मध्ये हेस्टिंग्जला टेलिव्हिजनच्या मागे लागला. २ ऑक्टोबर १९२५ ला बाहुल्याचा करड्या छटांचा चेहरा दिसला, २६ जानेवारी १९२६ ला सोहोत रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सभासदांसमोर प्रात्यक्षिक झालं. (मुंबई दूरदर्शनही २ ऑक्टोबरचंच, १९७२ चं, योगायोग.) मोटर, चुंबक, लोखंड यांवर हात बसलेला होता, म्हणून चाक इतकं नेटकं झालं. फिरत्या चकतीचा मोह मात्र त्याच्या कंपनीला लवकर सुटला नाही. बीबीसीने ऑगस्ट १९३२ मध्ये हे कार्यक्रम स्वतःकडे घेतले, तेव्हा बेअर्डकडचे ब्रिजवॉटर आणि कॅम्पबेल हे इंजिनीअरही तिकडे गेले. सप्टेंबर १९३५ मध्ये ३० रेषांचं प्रक्षेपण बंद झालं आणि हजार डबे एका दिवसात निकामी. पुढच्या वर्षी बीबीसीच्या अलेक्झांड्रा पॅलेस केंद्रात बेअर्डच्या २४० रेषा मार्कोनी-ईएमआय या प्रतिस्पर्धी कंपनीच्या ४०५ समोर टिकल्या नाहीत.

मग आज घ्यावा का? चालवायला म्हणून अस्सल डबा घेऊ नका. रबराचं आवरण भुगा झालेलं असतं, चकतीला पोचा असतो, निऑनच्या काचेला आतून काजळी, आणि मोटरच्या ब्रशच्या ठिणग्या शेजारच्या रेडिओत खरखर घालतात. त्यापेक्षा बनवा. यासाठी इंग्लंडमधल्या हौशी लोकांच्या क्लबने ३२ रेषांचा, तितक्याच १२.५ चित्रांचा प्रमाणित सिग्नल ठरवलेला आहे. तो नुसत्या ऑडिओ फाइलमध्ये मावतो: डाव्या चॅनेलवर चित्र, उजव्यावर आवाज. स्पीकरला लावला तर चित्र ऐकूही येतं, गांधीलमाशी बाटलीत अडकल्यासारखं.

चकती ३०० मिलिमीटरची पुरते. जाडी अर्धा ते एक मिलिमीटर, दोन्ही बाजूंनी मॅट काळी. पहिलं भोक केंद्रापासून १४० मिलिमीटरवर, पुढचं प्रत्येक ११.२५ अंशांनी पुढे आणि ०.५७ मिलिमीटर आत, बत्तिसावं १२२.३ वर येतं. भोक ०.६ मिलिमीटरचं, पीसीबीच्या ड्रिलने. चित्र साडेसत्तावीस बाय अठरा मिलिमीटरचं मिळतं. त्रिज्येत एक दशांश मिलिमीटर चूक झाली तरी चित्रात उभी काळी किंवा चमकदार रेघ कायमची बसते, म्हणून हाताने आखू नका, लेझरने कापून घ्या. निऑनऐवजी अंबर एलईडींचा गठ्ठा, पुढे २०-३० मिलिमीटरवर दुधी अ‍ॅक्रिलिक, नाहीतर एलईडीचे ठिपकेच चित्र होऊन बसतात. एलईडीला ट्रान्झिस्टरने सरळ करंट द्या. आर्डुइनोचा नेहमीचा ४९० हर्ट्झचा पीडब्ल्यूएम, म्हणजे दिवा भराभर चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करणं, चालणार नाही, रेघच ४०० हर्ट्झची आहे. वेगासाठी १२ व्होल्टची डीसी मोटर, ३२ खाचांवर ऑप्टिकल सेन्सर आणि मोटरचा वेग सिग्नलच्या तालाशी जुळवणारी ४०४६ ही चिप. यातलं बहुतेक सामान लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतं. वेळ जातो तो चकतीवर.

दोन चुका हमखास होतात. जोडणीचा कपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा आणि पुढे १० किलोओहम, की कापणी १६ हर्ट्झला, म्हणजे त्याखालचं गाळलं जातं, १२.५ हर्ट्झचा भागच गेला आणि चित्र एका बाजूला काळवंडतं. १० मायक्रोफॅरड घाला. दुसरी चूक फाइल एमपी३ करण्याची. तिथे सिंकच्या, म्हणजे तालाच्या ठोक्यांच्या, कडा बोथट होतात, ४०४६ भरकटतो. डब्ल्यूएव्ही ठेवा.

आणि चकती उघडी ठेवू नका. ३०० मिलिमीटरच्या चकतीची कड ७५० फेऱ्यांना सेकंदाला जवळजवळ १२ मीटर धावते, आणि अर्ध्या मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियम म्हणजे विळीचं पातं. प्लेसीने ती पत्र्याच्या फुगवट्यात कोंडली होती. तुम्ही ३ मिलिमीटरचं अ‍ॅक्रिलिक लावा, स्क्रू घट्ट करा आणि मगच मोटरचं बटण दाबा.