कोलबर्ग: व्याख्यानासह पाहावा असा युद्धप्रचारपट

नाझी राजवटीतील काही चित्रपट तज्ज्ञाचे प्रास्ताविक आणि नंतरची चर्चा यांच्यासहच दाखवायचे, असा नियम जुन्या जर्मन चित्रपटांचे हक्क सांभाळणाऱ्या मुर्नाऊ प्रतिष्ठानाने केला आहे. दिग्दर्शक फाइट हार्लान यांचा 'कोलबर्ग' त्यांपैकी एक असून, या व्यवस्थेची खरी किंमत तो पाहताना कळते.

नाझी प्रचारमंत्री गोबेल्स यांनी 1943 साली हा रंगीत चित्रपट करवून घेतला. 1807 मध्ये नेपोलियनच्या सैन्याने वेढलेल्या कोलबर्ग या प्रशियन बंदराचे नागरिक शरण जाण्यास नकार देतात, ही त्याची कथा. गर्दीची दृश्ये भव्य आहेत आणि हाइनरिश गेओर्ग यांनी साकारलेला नागरिकांचा पुढारी नेटेलबेक मनाची पकड घेतो. म्हणूनच सोबतचे व्याख्यान मला अपरिहार्य वाटते, कारण पडद्यावरील त्याग इतका उदात्त दिसतो की तो कोणी आणि कोणासाठी मागितला, हा प्रश्नच मागे पडतो. जखमी आणि मृतांची भीषण दृश्ये गोबेल्स यांनीच कापायला लावली होती. युद्धाची झळ लपवून केवळ निर्धार दाखवायचा, हे या प्रचाराचे मुख्य तंत्र. 30 जानेवारी 1945 रोजी बर्लिनबरोबरच, जर्मन सैन्य वेढ्यात अडकलेल्या ला रोशेल या फ्रेंच बंदरातही हा चित्रपट दाखवला गेला आणि अवघ्या दीड महिन्यात, 18 मार्चला, खुद्द कोलबर्ग शहर शत्रूच्या हाती पडले.

संवादांतील भाषणबाजी आणि नायिका मारियाचे प्रेमप्रकरण कंटाळवाणे आहे. प्रचाराचा अभ्यास करणाऱ्यांनी तो अवश्य पाहावा, मात्र चर्चेसाठी थांबण्याची तयारी ठेवूनच तिकीट काढावे.