अंगणवाडी सेवा : वजन झाले, पुढे काय?

२ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पूरक पोषण आहार, पूर्वप्राथमिक शिक्षण, पोषण व आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा (आजारी वा कुपोषित मुलाला पुढील उपचारासाठी आरोग्य केंद्रात पाठवणे) अशा सहा सेवा मिळतात. त्यांपैकी शेवटच्या तिन्हींसाठी आरोग्य विभाग लागतो. अंगणवाडी मात्र महिला व बालविकास विभागाची. घरातील मुलांसाठी ही सेवा घेतल्यावर माझे मत असे झाले आहे की, अंगणवाडीच्या स्वतःच्या कामात दोष काढायला फारशी जागा नाही. घोडे अडते ते संदर्भ सेवेपाशी.

लसीकरण सुरळीत चालते, कारण ठरलेल्या दिवशी आरोग्यसेविका अंगणवाडीतच येतात, आशाताईंनी आधी घरोघरी निरोप दिलेला असतो आणि कोणाचे मूल राहिले ते या दोघी आणि अंगणवाडीच्या सेविकाताई तिथल्या तिथे याद्या ताडून पाहतात. माता-बाल संरक्षण कार्डही एकच असते. त्यातले लसींचे पान आरोग्यसेविका भरतात आणि वाढीचा आलेख सेविकाताई. संगणकावर मात्र हा एकोपा राहत नाही. अंगणवाडीची नोंद २०२१ पासून पोषण ट्रॅकर या अ‍ॅपवर होते, तर आरोग्य विभागाची माता-बाल आरोग्याच्या नोंदींसाठीच्या आरसीएच पोर्टलवर. आमच्याकडे दोन्हींतील जन्मतारखांत फरक पडला, तेव्हा ती दुरुस्ती कोणी करायची हे दोन्हीकडे कोणालाच सांगता आले नाही.

खरी परीक्षा माझ्या भाचीच्या वेळी झाली. सेविकाताईंनी तिच्या दंडाला पट्टी लावली, माप ११.५ सेंटिमीटरच्या आत, म्हणजे तीव्र कुपोषण दाखवणाऱ्या लाल पट्ट्यात आले आणि त्यांनी त्याच दिवशी संदर्भ चिठ्ठी दिली. आरोग्य केंद्रात तिचे वजन आणि उंची पुन्हा घेतली गेली. त्याबद्दल माझी तक्रार नाही, उपचारापूर्वी खात्री करायलाच हवी. पण तिला पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे तीव्र कुपोषित मुलांना ठेवून उपचार करणाऱ्या केंद्रात, दाखल केले, तिथून घरी पाठवले, यातले एक अक्षरही अंगणवाडीला कळवले गेले नाही. चिठ्ठीचा खालचा, उत्तरासाठी ठेवलेला भाग कोराच राहिला. टीएचआरची (घरी न्यायच्या पूरक आहाराची) पाकिटे घ्यायला बहीण गेली, तेव्हा सेविकाताईंना मूल परत आल्याचे समजले; वास्तविक घरी आल्यानंतरचे वजन आणि आहार यांवर लक्ष ठेवायचे काम त्यांचेच होते.

याचा दोष मी कर्मचाऱ्यांना देणार नाही. सेविका पर्यवेक्षिकेला आणि प्रकल्प अधिकाऱ्यांना उत्तर देतात, आरोग्यसेविका तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना. मुलाला पाठवल्याची नोंद एका खात्यात होते आणि दाखल केल्याची दुसऱ्या. ते परत आले की नाही, हे विचारणारा रकाना आम्हाला कुठे दिसला नाही. २०१८ च्या पोषण अभियानाने जिल्हा व तालुका पातळीवर विभागांनी एकत्र बसण्याची सोय केली खरी, पण आमच्या अंगणवाडीपर्यंत त्या बैठकांचे फळ पोहोचल्याचे जाणवले नाही. शिक्षण विभागाची तर गोष्टच वेगळी : पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी अंगणवाडीतील नोंदी कोणी मागितल्याच नाहीत.

सेविकाताईंना पाचपैकी साडेचार, विभागांमधील समन्वयाला दोन. मूल पोषण पुनर्वसन केंद्रातून घरी येत असेल, तर डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स त्याच दिवशी अंगणवाडीत नेऊन द्यावी आणि पुढच्या वजनाची तारीख तिथेच लिहून घ्यावी.