शॅडोजच्या नावाखाली स्वस्त नकला: माझे 53.20 पौंड गेले, तुमचे जाऊ देऊ नका

शॅडोज हा गिटारच्या धुनांसाठी गाजलेला ब्रिटिश वाद्यवृंद. ‘शॅडोजच्या बारा मूळ रेकॉर्डी’ अशी जाहिरात पाहून मी इंग्लंडमधील एका ऑनलाइन विक्रेत्याला 48 पौंड आणि टपालाचे 5.20 पौंड दिले. आलेल्या बारांपैकी नऊ रेकॉर्डी एम्बसी लेबलच्या निघाल्या. 1954 ते 1965 या काळात ब्रिटनमधील वूलवर्थ्सच्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या या लेबलसाठी गाजलेल्या धुना दुसऱ्याच वादकांकडून वाजवून घेतल्या जात, आणि गिटारच्या धुनांवर बड ॲश्टन हे नाव छापलेले असे. एम्बसीने हे कधी लपवले नाही. लपवले या विक्रेत्याने, नऊही रेकॉर्डी कोलंबियाच्या, म्हणजे शॅडोजच्या मूळ रेकॉर्डी ज्या लेबलवर निघत त्याच्या, जुन्या पाकिटांत घालून.

छायाचित्रात वरच्या तीन रेकॉर्डींची लेबले स्पष्ट वाचता येत होती. उरलेल्यांच्या मात्र फक्त कडा दिसत होत्या. संशय यायला हवा तो तिथेच, आणि मला तो आलाही होता. म्हणूनच पैसे भरण्यापूर्वी ‘सर्व रेकॉर्डी कोलंबियाच्याच आहेत ना?’ असे मी लेखी विचारले, त्यावर ‘सर्व वर्णनाप्रमाणे’ असे उत्तर आले. सामान्य ग्राहकाने याहून अधिक काय विचारायचे? प्रत्येक लेबलचे वेगळे छायाचित्र मागा, आणि ते मिळेपर्यंत एक पेनीही देऊ नका.

शॅडोजची ‘अपाची’ ही धून लावली तेव्हा त्यांचा गिटारवादक हँक मार्विन याच्या गिटारचा तो घुमणारा प्रतिध्वनी कुठेच नव्हता. ‘अपाची’च्या 1960 च्या मूळ ब्रिटिश रेकॉर्डवर कोलंबियाचा डीबी 4484 हा क्रमांक असतो. पाकीट पाहू नका, क्रमांक पाहा.

संकेतस्थळाने ‘धुनांची नावे जुळतात’ म्हणून तक्रार फेटाळली. पोलिसांनी हा दिवाणी वाद ठरवला, आणि ग्राहक सल्ला केंद्राने एक संदर्भ क्रमांक देऊन, विक्रेता खासगी व्यक्ती असल्याने परतीचा हक्क नाही असे सुनावले. 1979 च्या माल-विक्री कायद्याप्रमाणे माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे, मग विक्रेता खासगी का असेना, हे मी कलमासह लिहून कळवले, तरी त्याच मजकुराचे छापील उत्तर पुन्हा आले. ज्यांना कायदा राबवायचा आहे त्यांनाच तो तक्रारदाराने समजावून सांगायचा, हा संताप पैशांपेक्षा मोठा आहे.

खरेदीचे पान, पत्रव्यवहार आणि पाकिटे जपून ठेवा. पान विक्रीनंतर नाहीसे होते. त्या विक्रेत्याची नवी जाहिरात याच आठवड्यात लागली आहे, आणि तिच्यातही वरच्या तीनच रेकॉर्डींची लेबले वाचता येतात.