जुळे सोलापुरातलं नर्स-डॉक्टरांचं रविवारचं ग्रुप सेशन, नक्की जा

मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे, नाईट करून घरी आलं तरी इन्फ्युजन पंपाचा (शिरेतून ठरावीक वेगाने औषध सोडणारं मशीन) रेट नीट लावला होता ना हेच डोक्यात फिरत राहायचं, झोपच लागायची नाही, मग मैत्रीण इथे घेऊन गेली. फक्त हॉस्पिटलवाल्यांसाठी आहे त्यामुळे आपलं काम समजावत बसावं लागत नाही. सेशन घेणाऱ्या मॅडम भाषण देत नाहीत हे सगळ्यात आवडलं. "मला काही येत नाही, एक दिवस सगळ्यांना कळणार" असं एक सिनियर डॉक्टर बोलले तेव्हा खरंच धीर आला. क्लान्स आणि आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ लाच या भावनेवर (इम्पोस्टर फिनॉमेनन म्हणतात) लिहिलंय, तेही हुशार, यशस्वी बायकांबद्दल! ड्युटीनंतर आज काय नीट जमलं ते वहीत लिहायचं, अगदी "आजोबांची शीर पहिल्याच टोचणीत सापडली" एवढं बारीकसुद्धा. लय फरक पडतो.

खोली लहान आहे, सोलापूरच्या उन्हाळ्यात एका पंख्यावर भागत नाही, आणि नाईटवाल्यांसाठी संध्याकाळची बॅच पाहिजेच. बाकी त्रास जास्त असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर रविवारची वाट बघू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर लगेच फोन लावा, चोवीस तास चालू असतं, फ्री आहे, मराठीत बोलतात.