रिजवे की कालवाकाठ?

इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यात मातीच्या वाटेने निवांत सायकल फिरवायची तर दोन पर्याय जवळजवळ आहेत: टेकड्यांच्या माथ्यावरचा रिजवे आणि खाली दरीतून जाणाऱ्या केनेट-एव्हन कालव्याचा काठ.

मला रिजवे जास्त प्रिय. एव्हबरीजवळच्या ओव्हरटन हिलपासून थेम्सकाठच्या स्ट्रीटलीपर्यंत, म्हणजे सुमारे ७० किमी, तो सायकलींना खुला आहे. पुढे पूर्वेला बराचसा भाग फक्त पायी जाणाऱ्यांचा. जूनमध्ये खडूची पांढरी वाट टणक असते, डोक्यावर चंडोल गात असतात, आणि ऑक्सफर्डशरच्या हद्दीत अफिंग्टनला डोंगरउतारावर कोरलेला सुमारे ३००० वर्षांपूर्वीचा पांढरा घोडा भेटतो. तिथे घाई करूच नये. पाऊस झाला मात्र की हाच खडू साबणासारखा निसरडा होतो आणि चिखल मडगार्डमध्ये इतका भरतो की चाक फिरत नाही. वाऱ्याला आडोसाही नाही. टायर रुंदच हवेत.

कालव्याची वाट सपाट. डिव्हायझेस ते बाथ हा टप्पा पावसाळी दिवसातही जमतो, कारण बऱ्याच ठिकाणी खडी दाबून बसवलेली आहे. डिव्हायझेसला केन हिलवर बोटी चढवणारी २९ लॉक्स, म्हणजे पाण्याची पातळी वरखाली करणारे दरवाज्यांचे कप्पे, आहेत. तेवढाच काय तो चढ. पण काठ अरुंद, त्यावर चालणारे आणि मासे पकडणारे. घंटी वाजवून हळू जावे.

नोव्हेंबर ते मार्च मी कालवाच निवडेन. रिजवेवर घोडेस्वार दिसला, तर लांबूनच आवाज द्या आणि त्याला आधी जाऊ द्या.