ॲप्लिकेशन कंट्रोल घ्यायचंय? आधी सांगा, रात्री फोन कोण उचलणार

जालन्यातल्या एका रोलिंग मिलवाल्या दादांचा परवा फोन आला. मोठ्या गिऱ्हाइकाने त्यांना सिक्युरिटीचा फॉर्म पाठवलाय, त्यात विचारलंय की मंजूर नसलेलं सॉफ्टवेअर तुमच्या कॉम्प्युटरवर चालतं का, आणि दादा म्हणायलेत, "अँटीव्हायरस हाय ना आपल्याकडं?" आता अँटीव्हायरस चोर ओळखून अडवतो, ॲप्लिकेशन कंट्रोल उलटं असतं, लग्नाच्या यादीत नाव असेल तरच मांडवात, बाकी कितीही सभ्य दिसो, बाहेर. मी वाळूज-जालन्यातल्या तीस-चाळीस कॉम्प्युटरवाल्या युनिटचं काम बघतो, त्यामुळे खालचं सगळं त्याच मापाचं आहे, बँकेसाठी नाही.

आधी फुकटातलं. मायक्रोसॉफ्टचं ॲपलॉकर विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून आहे. पूर्वी एंटरप्राइझ एडिशन लागायची, आता अपडेट केलेल्या विंडोज १० आणि ११ च्या प्रो वर पण चालतं. नियम तीन तऱ्हेचे, सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या डिजिटल सहीवर, फोल्डरवर किंवा फाइलच्या हॅशवर (हॅश म्हणजे फाइलचा बोटाचा ठसा). एका दुपारात लागतं. पण गोम अशी की डिफॉल्ट नियमात ॲडमिनला (ज्याला कॉम्प्युटरवर सगळे हक्क असतात त्याला) सगळं माफ, आणि आपल्याकडं छोट्या कारखान्यात ॲडमिन नसतो कोण? अकाउंटंटपासून वजनकाट्यावरच्या पोरापर्यंत सगळेच. डीएलएलचे (प्रोग्रॅम ज्या जोडफाइली वापरतात त्यांचे) नियम तर आपण मुद्दाम चालू करेपर्यंत बंदच असतात. मायक्रोसॉफ्ट पण आता त्यात नवीन काही घालत नाही.

दुसरं मायक्रोसॉफ्टचंच, विंडोज १० सोबत डिव्हाइस गार्ड म्हणून आलं, मग विंडोज डिफेंडर ॲप्लिकेशन कंट्रोल झालं, आता ॲप कंट्रोल फॉर बिझनेस. बारसं तीनदा, पोरगं तेच. हे विंडोजच्या आतल्या ड्रायव्हर फाइलींपर्यंत खाली उतरतं आणि ॲडमिनलाही सोडत नाही (पॉलिसीवरच सही केली नसेल तर ॲडमिन ती काढून टाकू शकतो, ही पळवाट लक्षात ठेवा). ताकद ॲपलॉकरपेक्षा कितीतरी जास्त, पण पॉलिसी म्हणजे कोडसारखी लिहिलेली एक्सएमएल फाइल आणि पॉवरशेल (विंडोजला टाइप करून हुकूम द्यायचं साधन), विझार्ड फुकट मिळतो तरी डोकं लागतंच. आणि अडवलं की कामगाराला नुसता मेसेज दिसतो, "परवानगी मागा" असं बटण नाही.

हे बटण का महत्त्वाचं ते वजनकाट्यावर कळतं. काट्याचं सॉफ्टवेअर कुणीतरी गावातल्याच पोराने लिहिलेलं, सही-बिही काही नाही, त्यामुळे हॅशचाच नियम लावावा लागतो, आणि तो पोरगा महिन्यातून दोनदा नवीन फाइल व्हॉट्सॲपवर टाकतो. फाइल बदलली की हॅश बदलला, हॅश बदलला की काटा बंद. आमच्या एका ठिकाणी रात्री साडेअकराला असंच झालं, बाहेर भंगाराच्या गाड्यांची लाइन, ड्रायव्हर हॉर्न वाजवायलेत आणि मी झोपेत लॅपटॉप शोधतोय. फोल्डरचा नियम लावला तर हा त्रास वाचतो, पण मग त्या फोल्डरात कुणीही काहीही टाकेल. सहीवरचा नियम सगळ्यात टिकाऊ, तरी तोही कायमचा नसतो. दुरून कॉम्प्युटर चालवायच्या ॲनीडेस्कने २०२४ च्या सुरुवातीला हल्ल्यानंतर सहीचं सर्टिफिकेट बदललं, तर सहीतलं कंपनीचं नावच दुसरं आलं.

म्हणून विकतचं. थ्रेटलॉकर अमेरिकेतल्या ऑर्लँडोची कंपनी, क्लाउडवरनं चालतं. आधी लर्निंग मोडमध्ये तुमच्याकडं काय काय चालतं ते शिकतं, नेहमीच्या सॉफ्टवेअरच्या याद्या तेच अपडेट ठेवतात, आणि अडवलं की कामगार तिथूनच रिक्वेस्ट टाकतो, आपण मोबाईलवर बघून सोडायचं. रिंगफेन्सिंग मला सगळ्यात आवडलं, वर्ड चालू दे पण वर्डने पॉवरशेल उघडायचं नाही, असं बांधून ठेवता येतं. भाव मात्र कोटेशन मागून, दर कॉम्प्युटरमागे, वर्षानुवर्षं.

एअरलॉक डिजिटल ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचं. याचा जीव हॅशमध्ये आहे, पण एक सोय आपल्या भागासाठीच केली की काय असं वाटतं: फोनवर कोड सांगायचा, समोरच्याने टाकला की ठरलेल्या वेळापुरती मोकळीक, नेट गेलेलं असलं तरी. ज्यांच्याकडं लाइट गेली की नेट पण जातं त्यांनी हे आधी बघावं.

कार्बन ब्लॅक ॲप कंट्रोल, पूर्वीचं बिट९, आता ब्रॉडकॉमकडं. जुन्या, न बदलणाऱ्या मशीनसाठी चांगलं, पण आपल्या मापाला अंगरखा मोठा होतो. पुण्याचं सेक्राइट बऱ्याच जणांकडं अँटीव्हायरस म्हणून आधीच असतं, त्यातलं ॲप्लिकेशन कंट्रोल गेम, टोरेंट असल्या कॅटेगरी बंद करायला छान. तेवढ्याने फॉर्मवर "हो" लिहू नका, तो प्रश्न उलट्या बाजूचा आहे.

काहीही घ्या, पहिले ऑडिट मोड, म्हणजे अडवायचं नाही, नुसतं लिहून ठेवायचं. पंधरा दिवसात उरकू नका. टीडीएसचं रिटर्न तीन महिन्यातून एकदा भरतात, त्याची युटिलिटी तोवर लॉगमध्ये दिसतच नाही, आणि ती पण जावा नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमवर चालते, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या दोन्ही कंट्रोलला जावा दिसतं, आतली फाइल नाही.

माझा कौल? ज्याच्याकडं आयटीचा पगारी माणूस आहे त्याने ॲप कंट्रोल, नाही त्याने थ्रेटलॉकर किंवा एअरलॉक. ॲपलॉकर फक्त तिथं, जिथं लोकांचे ॲडमिन हक्क खरंच काढलेत. दादांना हेच सांगितलं, तर म्हणाले मुनीम करेल मंजूर. मुनीमजी तयार पण आहेत, पण आठनंतर त्यांचा फोन सायलेंटवर असतो आणि मिल चालते तीन शिफ्टमध्ये. आता रात्रीसाठी कोण, यावर घरात बोलणी चाललीत.