पेपरची वार्षिक वर्गणी: डबा उत्तम, पहिलं पान जपून वाचा

नाशिकच्या इंदिरानगरला आमच्याकडे येणाऱ्या एका स्थानिक पेपरबद्दल लिहितेय. नाव घेत नाही. कुपनं चिकटवून मिळालेल्या डब्याची झाकणं घट्ट बसतात. अंक उजाडायच्या आत दारात, पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत. तिथे नाव ठेवायला जागा नाही. आता मजकुराचं.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, दादाचा कांदा लासलगावला जातो. उन्हाळ कांद्याच्या दिवसांत मथळा आला, ‘कांदा दोन हजारांवर’. शेजारच्या काकू म्हणाल्या, तुमच्या दादाची चांदी झाली! दादाला फोन लावला, तर त्याच्या ट्रॉलीला क्विंटलमागे साडेअकराशे मिळालेले. आणि मथळाही खोटा नव्हता. बाजार समिती रोज किमान, कमाल आणि सरासरी असे तीन भाव देते. कमाल भाव निवडक मालाच्या एखाद-दुसऱ्या ट्रॉलीला लागतो, पण मथळा त्याचाच होतो. सरासरी आतल्या पानावर, तक्त्यात. चूक दाखवायची सोय नाही, म्हणून जास्त चिडचिड होते. दादाने तर पेपर बंदच केला. भाव तो आता व्हॉट्सअॅप ग्रुपवर बघतो, तिथे निदान विक्रीच्या हिशोबपट्टीचा फोटो असतो.

गंगापूर रोडवरच्या गृहप्रकल्पाची अर्धं पान ‘बातमी’ येते, वर कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात ‘प्रायोजित’. २००९च्या विधानसभेला उमेदवारांच्या अशाच बातम्या गाजल्या, २०१० साली प्रेस कौन्सिलने पेड न्यूजवर अहवालही काढला. निवडणुकीत लोक सावध तरी असतात हो, फ्लॅट बघताना कुठे असतात?

तरी बंद केला नाही, कारण पूर. गोदेला पाणी वाढलं की मोबाईलवर नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाल्याचे व्हिडिओ फिरतात, त्यातले कितीतरी जुन्या पुराचे. पेपरात गंगापूर धरणातून किती वाजता किती क्युसेक सोडलं, होळकर पुलाखाली किती वाहतंय, हे नीट येतं. पंचवटीत नणंदेचं दुकान आहे, ती सकाळी फोन करून माझ्याकडून तेवढं वाचून घेते.

पाचपैकी अडीच.

नूतनीकरणाला मुलगा आला होता. म्हटलं, बाबा, भेटवस्तू नको, मथळ्यात सरासरी भाव द्या. तो म्हणाला, “काकू, ते संपादकांना सांगा. माझ्याकडे यंदा कुकर आहे, तीन लिटरचा.”